रिॲक्टरची उपासमार

यंत्राचा आराखडा करण्यापूर्वी ते कोणकोणत्या कारणांनी बंद पडू शकेल याचा विचार करावा, असे मी कर्मशाळेतील विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो. स्वतःच्या रिॲक्टरबाबतही मी तो केला होता. गळती, गंज, वायूचा दाब, ढवळणीचा वाकलेला दांडा, खंडित वीजपुरवठा आणि उंदीर, एवढ्या सर्व शत्रूंचा बंदोबस्त मी कागदावर करून ठेवला होता. शेजारणींच्या चांगुलपणाचा मात्र केला नव्हता. कोणत्याही तांत्रिक ग्रंथात त्यावर प्रकरण नाही, एवढे माझ्या बाजूने नमूद करून ठेवतो.

सोलापुरातील एका तांत्रिक महाविद्यालयातून मी कर्मशाळा अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या काळात अनेक विद्वानांच्या प्रबंधांसाठी लागणारी यंत्रे मी लेथवर, शेपरवर आणि प्रसंगी नुसत्या कानशीने घडवून दिली. त्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात माझे नाव शेवटून दुसरे असे. माझ्यानंतर फक्त टंकलेखक. तेव्हा एकदा तरी आपल्या नावाचा प्रबंध असावा आणि त्यात इतरांचे ऋण आपण मानावे, एवढीच माझी इच्छा होती. बी.ई. मी नोकरी सांभाळून अर्धवेळ केले होतेच. निवृत्तीनंतर एम.टेक.च्या संशोधनासाठी नाव नोंदविले.

माझ्या मार्गदर्शिका डॉ. वैष्णवी या माझ्याच विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी कर्मशाळेत त्यांनी घासलेला लोखंडी चौकोन काटकोनात नाही म्हणून मी पुनःपुन्हा परत केला होता. आता माझे मसुदे त्या परत करीत. तोंडाने त्या मला 'सर' म्हणत. लाल शाईने मात्र वाटेल ते म्हणत. मी त्यांना 'मॅडम' म्हणत असे आणि तो चौकोन आपण तेव्हाच स्वीकारायला हवा होता की काय, असे मनात म्हणत असे.

विषय असा होता : गृहसंकुलातील स्वयंपाकघरांच्या कचऱ्यापासून जैववायू तयार करणारा लहान रिॲक्टर, त्यातील ढवळणी यंत्र आणि वायू मोजणारे उपकरण, या तिन्हींचा आराखडा. साध्या भाषेत सांगायचे तर एक हवाबंद टाकी. तिच्यात साली, देठे, खरकटे टाकायचे. आतले जिवाणू ते हवेवाचून खातात आणि वायू सोडतात. त्या वायूवर शेगडी पेटते. सोसायटीचा कचरा घटावा आणि रिॲक्टरच्या ज्योतीवर परीक्षकांसाठी चहा उकळावा, हे दोन निष्कर्ष मी नोंदणीच्या दिवशीच मनाशी लिहून ठेवले होते.

पहिला अडथळा विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा. 'प्रयोगात सजीवांचा वापर होणार आहे काय?' असा प्रश्न अर्जात होता. जिवाणू हे सजीव होत. मी 'होय' लिहिले. पुढील रकाना 'संख्या' असा होता. मी 'अगणित' असे लिहिले. समितीकडून उत्तर आले की, 'अगणित' ही संख्या ग्राह्य धरता येत नाही. निश्चित संख्या, प्राप्तीचा स्रोत आणि प्रयोगानंतर त्यांच्या पुनर्वसनाची व्यवस्था कळवावी. स्रोत म्हणून मी 'मंगळवेढ्याच्या मेहुण्याची म्हैस' असे सत्य तेच लिहिले. त्यावर म्हशीच्या मालकाचे संमतिपत्र मागविण्यात आले. अर्ज घेऊन मी संशोधन विभागातील लिपिक युवराज यांच्यापुढे उभा राहिलो.

"सर, तुम्ही 'नाही' लिहायला पाहिजे होतं," युवराज म्हणाले. "सगळे 'नाही'च लिहितात."

"पण ते सजीव आहेत."

"आहेत की. पण ते हितं तक्रार करायला येणार हायत का?"

तरीही मी 'होय' कायम ठेवले, आणि एका शैक्षणिक सत्राला मुकलो.

जिवाणूंचे बीज म्हणून लागणारे शेण मेहुण्याने कॅनमध्ये भरून मंगळवेढ्याच्या एसटीत चढवून दिले आणि सोबत मला बसविले. वाहकाने विचारले, "ह्यात काय हाय?" मी म्हणालो, "अवायवीय जिवाणूंचे बीज." त्याने झाकणाजवळ नाक नेले, मागे घेतले आणि म्हणाला, "बीज लई पिकलंय की. घ्या मांडीवर." सोलापूरपर्यंत ते बीज माझ्या मांडीवर होते. शेजारची जागा रिकामीच राहिली. उभे असलेले प्रवासीही तिच्याकडे पाहत होते, पण बसत नव्हते.

जुळे सोलापूर या वस्तीतील आमच्या सोसायटीची परवानगी हा पुढचा टप्पा. 'रिॲक्टर' हा शब्द ऐकून सभासद घाबरतील अशी माझी अपेक्षा होती आणि मी त्यावर अर्ध्या तासाचे निवेदनही तयार केले होते. कोणीही घाबरले नाही. सभेत एकच प्रश्न विचारला गेला : टाकी कोणाच्या पार्किंगमध्ये? वीज खात्यातून निवृत्त झालेले आमचे सचिव ईश्वरप्पा म्हणाले, "सर, तुमचं शिक्षण हाय, तुमची टाकी हाय, मग पार्किंग दुसऱ्याचं कशाला ओ?" ठराव एकमताने मंजूर झाला. माझी स्कूटर त्या दिवसापासून रस्त्यावर उन्हात उभी राहू लागली. सोलापूरचे ऊन म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. स्कूटरच्या सीटची जी अवस्था झाली, तिचे वर्णन मी प्रबंधाच्या परिशिष्टात घातले होते. वैष्णवी मॅडमनी ते काढून टाकले.

टाकी बसली. ढवळणीचा दांडा मी स्वतः तासला. वायुमापकही स्वतः बनविले. शेण घातले, पाणी घातले आणि टाकीतून पहिला बुडबुडा आला तेव्हा माझी पत्नी गोजरबाई हिला हाक मारली. तिने बुडबुडा पाहिला. "ह्येच्यापाठी म्हातारपण घालवताय व्हय?" असे म्हणून ती आत गेली. गोजरबाई मंगळवेढ्याची, तिच्या बोलण्याला धार असते. तिने मला कधी निरुत्साही केले नाही, कारण उत्साहित करण्याचा प्रसंगच तिने कधी येऊ दिला नव्हता.

आता मुख्य काम राहिले, म्हणजे कचरा. रिॲक्टरने कचरा किती घटविला हे सिद्ध करायचे तर आधी मुळात किती होतो, हे मोजले पाहिजे. म्हणून महापालिकेची घंटागाडी येण्यापूर्वी मी जिन्याखाली ताणकाटा घेऊन बसू लागलो आणि प्रत्येक घरचा कचरा तोलून नोंदवू लागलो. तांत्रिकदृष्ट्या यात आक्षेपार्ह काही नव्हते. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या शिवलीलाबाईंनी पिशवी माझ्या काट्याला लावताना त्यातील कालची भाकरी कागदाने झाकली. दुसऱ्या दिवशी भाकरी पिशवीत नव्हतीच. ईश्वरप्पांनी कचरा थेट गाडीत टाकण्यासाठी घंटा ऐकताच धावण्याचा सराव सुरू केला. एका सकाळी ते माझ्यासमोरून धावत गेले आणि म्हणाले, "सर, आमचं काय बघता? शेजारच्या बिल्डिंगचं बघा की!" माणसाला आपल्या घरचे अन्न वाया गेलेले दिसलेले चालते, तोललेले चालत नाही, हे मला तेव्हा समजायला हवे होते.

मूळ मोजणी संपली, रोजचा तोल मात्र मी चालूच ठेवला, आणि मग जी चूक केली, ती यथाक्रम सांगतो.

कचरा गोळा करण्यासाठी प्रत्येक घरी एक भांडे देणे आवश्यक होते. प्लास्टिकच्या भांड्याला आतून ओरखडे पडतात आणि जुना अंश त्यात राहतो; प्रत्येक दिवसाचे नमुने एकमेकांत मिसळतात. स्टील स्वच्छ धुता येते. तर्क निर्दोष होता. आमच्या माळ्यावर लग्नात आहेर म्हणून आलेले स्टीलचे डबे पडून होते, त्यांवर गोजरबाईचे नाव कोरलेले होते. मी ते उतरविले, उकळत्या पाण्याने निर्जंतुक केले आणि प्रत्येक घरी जाऊन स्वहस्ते दिले. काय टाकायचे, काय टाकायचे नाही, हे समजावून सांगितले. सर्वांना ते समजले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे वैष्णवी मॅडमनी 'सभासदांना सूचना स्पष्ट दिल्या नव्हत्या' असा शेरा मारला, तो वस्तुस्थितीस धरून नाही.

गोजरबाई दुपारी माळ्याकडे पाहून ओरडली, "अवो, माझ्या लग्नातलं डबं वाटून आलासा व्हय?"

"संशोधनासाठी."

"त्यावर माझं नाव हाय! उद्या लोक म्हणतील, गोजरबाईनं दारोदार खरकटं मागायला डबं लावलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे परत आले. मी हातमोजे घालून शिवलीलाबाईंच्या डब्याचे झाकण काढले. आत शेंगाची चटणी होती; ताजी, वर तेल सुटलेली. खालच्या मजल्यावरच्या शगुफ्ता भाभींच्या डब्यात डाळ-मटणाचा दालचा होता. एका डब्यात शिरा होता. ईश्वरप्पांच्या डब्याच्या तळाशी चमचाभर साखर होती.

मी डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

"काका, कळलं होतं हो मला," शिवलीलाबाई कळवळून म्हणाल्या. "साली, देठं, खरकटं, सगळं कळलं होतं. सकाळी साली उचलल्या, झाकण काढलं, तर आत लख्ख चकाकतंय आणि वर काकूंचं नाव. हात पुढं होईना बघा. मग म्हटलं, चटणी घालावी."

शगुफ्ता भाभींनी तर मलाच झापले. "सर, हमारे में पराया बर्तन खाली नहीं भेजते. और कचरा भर के? तौबा! मेरी अम्मी कबर में से उठके आती!"

ईश्वरप्पांचा खुलासा असा, "रिकामं द्यायचं नाही म्हणून साखर घातलो. आमच्या घरात कचराच होत नाही ओ."

मी गोजरबाईला म्हणालो की, हे सर्व खाद्य म्हणून रिॲक्टरमध्ये घालतो. रासायनिकदृष्ट्या अन्न आणि खरकटे यांत फरक नाही. तिने डबे माझ्या हातातून काढून घेतले. "अन्न हाय त्ये. टाकीत घाला, मग मी बी माहेरी जाते." दुपारी आम्ही चटणी, दालचा आणि शिरा जेवलो. चटणी उत्कृष्ट होती. हे निरीक्षण प्रबंधात नाही.

आता डबे पुन्हा कचऱ्यासाठी पाठवायचे होते. परंतु माझ्या पत्नीने शगुफ्ता भाभींचा दालचा खाल्ला होता, तेव्हा तो डबा तिला रिकामा पाठविता येईना. तिने त्यात हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं घातले. माडगं खाली गेले, खालून खीर आली. चटणीच्या बदल्यात शिवलीलाबाईंना कडक भाकरी गेल्या, भाकरीवर डाळवांगं आले. ज्या डब्यांनी कचरा आणायचा ते डबे जिन्यावरून वर-खाली जेवण वाहू लागले. शाकाहारी घरांच्या डब्यांना हिरवा ठिपका लावावा, असे फर्मान ईश्वरप्पांनी काढले. ते ठिपके मी लावले. अभियांत्रिकीची पदवी आणि अनेक वर्षांचा अनुभव असलेला मनुष्य जिन्यात बसून डब्यांना ठिपके लावीत होता, ही माझ्या संशोधनाची त्या महिन्यातील प्रगती.

चूक लक्षात येताच मी प्लास्टिकच्या बादल्या विकत आणून वाटल्या. त्यांवर कोणाचेही नाव नव्हते. पण आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातील वाटीसुद्धा रिकामी राहत नाही. माझ्या बादल्याही रिकाम्या राहिल्या नाहीत. त्या पाण्याने भरल्या गेल्या आणि मोऱ्यांत कायमच्या स्थायिक झाल्या. मी एक मागायला गेलो तेव्हा शगुफ्ता भाभी म्हणाल्या, "सर, परसों तक पानी नहीं. परसों लेके जाओ." परवा पाणी आले. बादली पुन्हा भरली.

याहून वाईट असे की, कचराच होईनासा झाला. उरलेले अन्न डब्यातून कोणाकडे तरी जाऊ लागले. शेजाऱ्याच्या डब्यात शिळे देता येत नाही, म्हणून शिळ्या पोळीचे लाडू होऊ लागले, भाकरीचा कुस्करा फोडणी घालून सजू लागला, दुधीच्या सालींची चटणी झाली. कोणाचा डबा सरस याची चुरस लागली. काही दिवसांनी घंटागाडीवाल्याने मला विचारले, "सर, ह्या बिल्डिंगमधली मानसं गावाला गेली काय?"

टाकीतील जिवाणू भुकेने मरत होते आणि मी दोन जेवणे जेवत होतो. वायुमापक शून्यावर होते. माझा पट्टा पुढच्या भोकावर गेला होता.

वैष्णवी मॅडमनी मला कक्षात बोलाविले. "सर, मुदतवाढ संपली. बहिःस्थ परीक्षक जानेवारीत येतायत. त्या दिवशी ज्योत पेटली नाही, तर नोंदणी रद्द. मी काही करू शकणार नाही."

"कचरा मिळत नाही, मॅडम."

"सोलापुरात?" त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात सर्व आले.

माझ्या आशेचा शेवटचा दिवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. शिवलीलाबाईंची आणि ईश्वरप्पांची शेती अक्कलकोटच्या बाजूला आहे. वेळ अमावास्येला सगळी मंडळी शेतात जाऊन पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, भाकरी आणि आंबील जेवतात. आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाचे, ताकातले, छान आंबलेले पेय. संध्याकाळी दोन्ही कुटुंबे परतली ती हंडे घेऊन. भज्जी वाटून संपली, आंबील उरली. रात्रभरात ती इतकी आंबली की कोणाच्याही डब्यात घालण्याजोगी राहिली नाही. दुसऱ्या सकाळी ईश्वरप्पा स्वतः हंडा घेऊन टाकीपाशी आले. "सर, खाऊ दे बिचाऱ्याला. किती दिवस उपाशी ठेवता?"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या दिवसांत रिॲक्टरला पहिल्यांदा पोटभर खाद्य मिळत होते. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट आधी मोजली आणि मग केली. त्या सकाळी मी आधी ओतली.

संध्याकाळी आम्लतामापकाने जो आकडा दाखविला तो पाहून मी उपकरणच बिघडले असावे अशी प्रार्थना केली. उपकरण ठीक होते. टाकी आंबली होती. वायू सोडणारे जिवाणू फार आम्लात काम करीत नाहीत. त्यांनी काम थांबविले.

बातमी जिन्यातून वर गेली. आमच्या सोसायटीत कोणाचे पोट बिघडले तर आपापल्या घरचे औषध घेऊन लोक येतात. ते विचारून देण्याची रीत नाही. चुन्याचे किती प्रमाण घालावे याचे समीकरण मी मांडीत बसलो होतो, तेवढ्या वेळात ईश्वरप्पांनी चुन्याची निवळी ओतली. त्यांच्या नकळत शगुफ्ता भाभींनी खाण्याचा सोडा घातला. शिवलीलाबाईंनी 'थंड पडतंय' म्हणून ताजे ताक घातले. माझ्या घरातून ओव्या-हिंगाचा काढा गेला, तो कोणी नेला हे मला लगेच समजले.

"तू सुद्धा?" मी गोजरबाईला विचारले.

"मग काय करू? तुमच्यासारखं गणित घालत बसू? बाळंतिणीला बी ह्योच काढा देत्यात."

त्यानंतर मापकाचा आकडा इतक्या वेगाने वर-खाली होऊ लागला की मी त्याची नोंद करण्याचे सोडून दिले. रिॲक्टर जिवंत होता की नव्हता, हे मला माहीत नव्हते. त्याला औषध मात्र चार घरांचे चालू होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाहेरगावचे ज्येष्ठ प्राध्यापक होते. मितभाषी, धुतलेल्या चष्म्याचे. वैष्णवी मॅडम त्यांना गाडीतून घेऊन आल्या. सर्व सोसायटी गच्चीच्या कठड्यांवरून पाहत होती. आश्चर्य असे की टाकीवरील, वायू साठविण्याचा फुगा टम्म फुगलेला होता. वायू होता! भरपूर होता! मी ढवळणी दाखविली, मापक दाखविले. परीक्षकांनी मापकाची शिस्तीत तपासणी केली आणि "काम चांगले आहे," असे म्हणाले. त्या तीन शब्दांसाठी मी माझ्या स्कूटरची सीट दिली होती. मला ती स्वस्त वाटली.

"पेटवा," ते म्हणाले.

मी शेगडीचा खटका फिरविला आणि काडी जवळ नेली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. वारा नव्हता. परीक्षकांनी स्वतःची काडी ओढली, ती शेगडीपाशी नेली आणि ज्योत अशी दबली की जणू कोणी बोटांनी चिमटली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दोघांनाही कारण समजले होते. आम्लात बिघडलेल्या टाकीतून निघतो तो कर्बवायू. माझा वायू जळत तर नव्हताच. तो इतरांचे जळणेही विझवीत होता.

"सर," ईश्वरप्पा वरून ओरडले, "हे आग विझवायचं मशीन झालं की! नाव बदला, पास होतंय!"

ज्योत नाही म्हणजे चहा नाही. तेव्हा चहा प्रत्येक घरातून आला. चहामागून डबे आले. पाहुणा उंबऱ्यावरून न खाता गेला तर आमच्या सोसायटीत तो अपशकुन धरतात. परीक्षकांनी आधी नाही म्हटले, मग एक लाडू घेतला, मग दुसरा. खाता खाता त्यांनी माझे आलेख मागविले. घंटागाडीपूर्वीच्या तोलाचा आलेख पाहून ते थांबले.

"हे काय?"

"सोसायटीचा रोजचा कचरा, सर."

"हा तर जवळजवळ शून्यावर आला आहे." त्यांनी चष्मा पुसला. "ज्योत नाही, हे मान्य. जिवाणूंचा दिवस वाईट असू शकतो. पण रिॲक्टर बसविल्यानंतर इतकी घट झाली असेल, तर कार्यक्षमतेचा मूळ निष्कर्ष सिद्धच आहे. मॅडम, किरकोळ दुरुस्त्यांसह शिफारस करायला मला हरकत दिसत नाही."

वैष्णवी मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे किंचित मिटले. कर्मशाळेत काम चुकले असेल तर गप्प बस, असे विद्यार्थी एकमेकांना जसे खुणावीत, तशी ती खूण होती. कोणतीही यंत्रे न तासता केवळ गप्प राहण्याने मला पदवी मिळणार होती. ऋणनिर्देशाचा मसुदा माझ्या खिशात होता. मी जिन्याकडे पाहिले. शेजारणी डबे धरून उभ्या होत्या आणि मी पास होईन म्हणून त्यांचे चेहरे फुलले होते. हेच सर्वांत असह्य होते.

"सर," मी म्हणालो, "ती घट रिॲक्टरने केलेली नाही."

"मग कचरा गेला कुठे?"

"तो आपल्या हातात आहे, सर. शिळ्या पोळीचा लाडू."

परीक्षकांनी लाडवाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उरलेला खाल्ला.

"आणि रिॲक्टरने काय केले?"

"रिॲक्टरने काहीही केले नाही."

मॅडमनी पेनाचे टोपण लावले. परीक्षकांनी ते पुन्हा काढायला सांगितले आणि अहवाल तिथेच, पायरीवर बसून, सावकाश सांगितला : 'उमेदवाराची मोजमापे निर्दोष असून सचोटी वादातीत आहे. तथापि सचोटीबद्दल अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवी देण्याची तरतूद नियमांत आढळत नाही.' शिवलीलाबाईंनी हळूच विचारले, "काकू, पास की काय?" गोजरबाई म्हणाली, "गप. मोठी मानसं बोलत्यात." तिने बोलणे नीट ऐकले होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

परीक्षक गाडीत बसले. वैष्णवी मॅडम फाटकापाशी थांबल्या.

"सर, मी खुणावत होते."

"पाहिलं मी."

"मग?"

"आलेख माझा होता, मॅडम. त्यातली घट माझी नव्हती."

त्यांनी गाडीला थांबण्याची खूण केली. मग म्हणाल्या, "आजपासून नोंदणी रद्द. पण नव्याने करता येते. विषय नवा, सर्व अर्ज पुन्हा, नैतिकता समिती पुन्हा. प्रवेश परीक्षाही पुन्हा."

खरे सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. आता नियम माझी सुटका करणार होता. नियमावलीत कोठेतरी वयाची अट असणारच. ती मी ऐकून घेईन, मान हलवीन आणि सन्मानाने घरी जाईन. लोकांना सांगता येईल की, माझी तयारी होती, नियम आडवा आला.

"वयाची अट असेल ना?" मी विचारले.

"नाही, सर," त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्यासाठी म्हणून मी आधीच सगळं वाचून ठेवलं. कुठेच नाही. अर्जाची शेवटची तारीख परवा आहे. मी घेऊन येते."

आयुष्यभर मी नियमांवर बोट ठेवून इतरांना अडविले. मला अडविण्याची वेळ आली, तेव्हा त्या जाडजूड पुस्तकात एक ओळ निघाली नाही.

मी खिशातला ऋणनिर्देशाचा मसुदा काढला, नीट घडी घातली आणि परत खिशात ठेवला. मग विचारले, "त्या परीक्षेत गणित असतं का हो?"

"असतं, सर," त्या म्हणाल्या.